खाली बसवलेली एसयूव्ही : एसी गार देत नाही आणि मागून धपका बसतो तेव्हा

चतुर्थीला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा माझा भाचा साखळीहून गाडी घेऊन आला. सेकंडहँड एसयूव्ही, आधीच्या मालकाने पुढून-मागून खाली बसवलेली (म्हणजे मूळ उंचीपेक्षा खाली आणलेली), चाकं मोठी, पुढची जाळी बदललेली. "मामा, चार महिन्यांत तीनदा गॅस भरला. पंधरा-वीस दिवस गार येतं, मग नुसता वारा. आणि मागे तिघं बसले की प्रत्येक गतिरोधकावर धप्प!" तो या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून सांगत होता. गाडी रॅम्पवर चढवली तर दोन्हींचं मूळ एकाच हातभर जागेत सापडलं. मागच्या एसीकडे जाणारी ॲल्युमिनियमची नळी चेसिसच्या कडेने जाते. तिची क्लिप गतिरोधकावर घासून वाकली होती, नळी लोंबत होती, आणि मागची बाजू दबली की ट्रेलिंग आर्म (ॲक्सलला चेसिसशी जोडणारा लांब दांडा) तिला खरवडत होता. टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. गॅस भरणाऱ्या तिघांपैकी कुणीही गाडीखाली डोकावलं नव्हतं.

फोंड्याजवळच्या माझ्या छोट्या गॅरेजात अशा गाड्या आता वरचेवर येतात. खाली बसवलेल्या गाडीत कोणता भाग कशाच्या किती जवळ आहे, हे सगळं बदललेलं असतं. कंपनीने नळी, होज, रॉड यांच्यासाठी ठेवलेली मोकळी जागा उरत नाही. म्हणून अशा गाडीचा एसी आणि मागचं सस्पेन्शन एकत्रच तपासावं, आणि आधी सस्पेन्शन सुधारून मग गॅस भरावा. क्रम उलटा केला की गॅसचे पैसे पुन्हा हवेत जातात.

पुढचं बरंचसं शिडीसारख्या चेसिसवर बांधलेल्या, मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) आणि कॉईल स्प्रिंग असलेल्या गाड्यांसाठी आहे. स्कॉर्पिओ, जुनी सफारी, फॉर्च्युनर या त्या घरातल्या. बोलेरोला मागे पाटे असतात, तिथे खाली येणारा पॅनहार्ड रॉडचा भाग सोडून द्या. एक्सयूव्ही ७०० सारख्या मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणाऱ्या गाडीत कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचा आत-बाहेर रोख) हे आणखी दोन प्रश्न येतात. त्यांचं अलाइनमेंट मशिनवरच बघावं लागतं.

आधी मोजा

गाडी सपाट जागी लावा. गोव्यात घराच्या अंगणात अशी जागा क्वचितच मिळते, कारण चिऱ्यांच्या फरशीलाही पाणी जायला उतार दिलेला असतो. पेट्रोलपंपाची फरशी किंवा एखाद्या सभागृहाचं पार्किंग बरं. चारही टायरांत दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, टाकी अर्धी ठेवा, डिकी रिकामी करा. गाडी दहा-वीस मीटर पुढे-मागे करून थांबवा म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजून वहीत लिहा. टायरचा आकार बदललेला असला तरी हे माप फसवत नाही, जमिनीपासून घेतलेलं फसवतं.

डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग तुटलेला आहे, उलटा किंवा चुकीच्या कप्प्यात बसलेला आहे, किंवा दोन बाजूंना वेगवेगळे कापलेले आहेत. स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटून खालच्या बशीत (स्प्रिंग टेकतो त्या वाटीत) पडलेलं असतं आणि वरून काही दिसत नाही. बोट घालून चाचपडावं लागतं.

दुसरं माप ओळंब्याचं. गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा मागच्या मडगार्डच्या कडेवरून सोडा आणि दोरीपासून टायरच्या बाजूपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. याचं कारण पॅनहार्ड रॉड. या आडव्या रॉडचं एक टोक ॲक्सलला आणि दुसरं चेसिसला धरलेलं असतं. गाडी खाली आली की तिरका रॉड आडवा होत जातो, आणि आडवा झाला की ॲक्सलला एका बाजूला ढकलतो. मीटरभर लांबीच्या रॉडच्या दोन टोकांत मुळात १५० मिलिमीटर उंचीचा फरक असेल आणि गाडी ६० मिलिमीटर खाली बसवली, तर ॲक्सल साधारण ७ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका बाजूचं चाक ७ ने बाहेर, दुसरं ७ ने आत, आणि तुमच्या दोन मापांत १४ चा फरक. रुंद टायर टाकलेल्या गाडीत एकाच बाजूचं टायर मडगार्डच्या आत घासतं ते यामुळे. "चेसिस वाकली आहे" असं सांगून घाबरवणारे भेटतात. आधी हा हिशेब करून बघा.

तिसरं माप बम्प स्टॉपचं, म्हणजे ॲक्सल आणि चेसिसमधल्या रबरी ठोकळ्याचं. तो आणि त्याची थाप बसण्याची जागा यांत मोकळं अंतर किती उरलंय? मुळात ८० मिलिमीटर असेल आणि गाडी ६० बसवली, तर रिकाम्या गाडीतच २० उरतात. मागे तिघं आणि माटोळीचं (चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचं) सामान चढलं की तेही संपतात. मग धप्प आवाज येणारच, तो कुठल्याही शॉकॲब्जॉर्बरने जाणार नाही. शॉकॲब्जॉर्बरच्या दोन-दोन जोड्या बदलून आलेली माणसं मी बघितली आहेत. पहिल्या दिवशी फूटपट्टी लावली असती तर त्यांचे पैसे वाचले असते.

गाडीखाली जाण्याआधी

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली बसवलेल्या गाडीत आत सरकायला जागा कमी, म्हणून लोक जॅक उंच करतात आणि जॅक आणखी डळमळतो. घोड्या (जॅकस्टँड) चेसिसखाली लावा, खाली फळी द्या, कारण पावसाळ्यात आपली लाल माती घोडीचा पाय गिळते. पुढच्या चाकांना दगड नव्हे तर लाकडी पाचर लावा. शक्य असेल तर चारखांबी रॅम्पच बघा, तिथे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते आणि सस्पेन्शन आहे त्याच उंचीवर बघता येतं. या कामात ते फार महत्त्वाचं आहे.

खाली गेल्यावर पाण्याचा फवारा मारायची घाई करू नका. आधी कोरडंच बघा. खाणपट्ट्यातल्या गाडीवर, डिचोली-सत्तरीकडे फिरणाऱ्या कुठल्याही गाडीवर, लाल धूळ बसलेली असते आणि तीच आपली मदतनीस ठरते. एसीच्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस सुटतो तिथे ते तेल धुळीला धरतं आणि काळपट-लाल चिकट डाग दिसतो. बाकी नळी कोरडी आणि एका जागी तेलकट चिखल असेल तर लिकेज तिथेच. शॉकॲब्जॉर्बरचंही तसंच. नळकांड्याच्या वरच्या कडेपासून खाली ओलसर पट्टा उतरलेला असेल तर त्याचं सील गेलं.

मग हाताने एकेक गोष्ट तपासा. मागच्या एसीच्या दोन नळ्या, एक जाड आणि एक बारीक, पुढून मागे कुठून जातात ते बोट ठेवून सगळा मार्ग चाला. प्रत्येक क्लिप जागेवर आहे का? नळी कशाला टेकते का? टेकत नसली तरी ॲक्सल आणखी ५० मिलिमीटर वर आल्यावर टेकेल का? चिकणमातीचा किंवा कणकेचा गोळा संशयाच्या जागी चिकटवा, मागे दोघांना बसवून गाडी सावकाश एका गतिरोधकावरून नेऊन आणा आणि गोळा बघा. चपटा झाला असेल तर तिथे आपटतंय. मला कोणत्याही यंत्रापेक्षा याचा जास्त उपयोग झाला आहे. ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि ॲक्सलवरून जाणारा सायलेन्सरचा पाइप यांनाही हेच लावा.

आवाजावरून ओळख

कान तयार असला की अर्धं काम होतं. बारीक खड्ड्यांवर टक-टक येत असेल तर बहुतेक स्टॅबिलायझरची (गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक. गाडी सुटताना किंवा ब्रेक मारताना एकदाच खाड् होत असेल तर ट्रेलिंग आर्मचा बुश (जोडातलं रबर) किंवा प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (वाकणारा जोड). सावकाश जाताना लाकडी दरवाजासारखी कुरकुर म्हणजे बुशचं रबर पिळवटलेलं आहे. खड्ड्यातून चाक खाली लोंबकळताना खणखण आली तर थांबा आणि स्प्रिंग बघा, तो बशीतून सुटतोय. ठरावीक वेगाला, समजा ६० ते ८० च्या दरम्यान, बुडाखाली घरघर आणि कंप असेल तर पिनियनचा कोन (शाफ्ट मागच्या ॲक्सलला मिळतो तिथला).

कापलेला स्प्रिंग

गाडी खाली बसवायची स्वस्त रीत म्हणजे ग्राइंडरने स्प्रिंगचं एखादं वेटोळं उडवणं. आठ कामाच्या वेटोळ्यांतून एक गेलं की उरलेला स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होतो, म्हणून रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडते. त्याहून वाईट असं की कापलेलं टोक बशीत नीट बसत नाही आणि चाक लोंबलं की स्प्रिंग मोकळा होतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात वळणावर आतलं चाक हलकं पडतं, तेव्हा स्प्रिंग बशीतून हलावा ही कल्पनासुद्धा नको. टॉर्चने तापवून बसवलेले स्प्रिंगही असतात. तापवलेल्या जागेचं पोलाद मऊ होऊन पुढे बसतच जातं.

कापलेला किंवा तापवलेला स्प्रिंग दिसला तर दुरुस्ती नाही, बदलाच. गाडी खालीच ठेवायची असेल तर तेवढ्या उंचीसाठी बनवलेला लोअरिंग स्प्रिंग, त्याला जुळणारा आखूड शॉकॲब्जॉर्बर आणि आखूड बम्प स्टॉप असा सगळा संच लागतो. बम्प स्टॉप काढून टाकणं हा उपाय नाही. तो नसला की शॉकॲब्जॉर्बर आतून तळाला आपटतो आणि महिन्याभरात त्याचा व्हॉल्व्ह जातो. मूळ लांबीचा शॉकॲब्जॉर्बर खाली बसवलेल्या गाडीत ठेवला तरी तेच घडतं. माझा सल्ला विचाराल तर मागची बाजू ३० ते ४० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली नेऊ नका. गोव्यातल्या गावच्या रस्त्यांवर, चढाच्या तोंडाशी असलेल्या फाटकांवर आणि देवळाकडे जाणाऱ्या उतारांवर त्याहून खालची गाडी घासल्याशिवाय राहत नाही.

मागे स्प्रिंगचं काम करणारी एअर बॅग (हवेची पिशवी, अपघातात फुगणारी नव्हे) टाकलेली असेल तर रात्री उंची मोजा, सकाळी मोजा. एका बाजूने बसत असेल तर त्या बाजूची बॅग किंवा तिची नळी, दोन्ही बाजूंनी सारखी बसत असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉक किंवा हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडचा जोड. साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे जागा दाखवतील. दमट हवेत या कॉम्प्रेसरचा ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) लवकर भरतो आणि पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं, म्हणून पावसाळ्यानंतर तो बदलणं चांगलं.

बुश कुठल्या उंचीवर आवळले?

हा भाग शांतपणे वाचा, कारण इथेच सर्वाधिक गाड्या बिघडवल्या जातात. ट्रेलिंग आर्म आणि पॅनहार्ड रॉडचे रबरी बुश फिरत नाहीत, पिळतात. आतली नळी बोल्टने कायम धरलेली असते, बाहेरची आर्मबरोबर हलते, मधलं रबर पीळ सोसतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला की रबराची आरामाची जागा ती लोंबती अवस्था ठरते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. जुन्या उंचीला आवळलेले बुश तसेच ठेवून गाडी खाली बसवली तरी परिणाम तोच.

उपाय सोपा आहे. सगळे बोल्ट एका आट्याने सैल करा, गाडी चाकांवर उतरवा, मागचा बंपर धरून चार-पाच वेळा दाबून सोडा, आणि मग गाडीच्या वजनाखालीच, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. रॅम्प किंवा खड्डा यासाठीच हवा. बुश अजून फाटले नसतील तर कधीकधी एवढ्यानेच कुरकुर जाते.

त्याच वेळी पॅनहार्ड रॉडचा प्रश्न सोडवा. ओळंब्याच्या दोन मापांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड बसवा, फरक २-३ मिलिमीटरवर येईपर्यंत फिरवा आणि लॉकनट आवळा. मूळ रॉड कापून वेल्ड करू नका. मागचा ॲक्सल आडवा धरून ठेवणारी तेवढी एकच वस्तू गाडीत असते.

कंपाची तक्रार असेल तर मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप चालतं. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा कोन घ्या. एका तुकड्याच्या शाफ्टमध्ये दोन्ही क्रॉसचे कोन एकमेकांच्या एका अंशाच्या आत आणि तीन अंशांपेक्षा कमी असावेत. फरक जास्त असेल तर लांबी बदलता येणारे वरचे आर्म लागतात.

ब्रेक, ज्याकडे कोणी बघत नाही

अनेक एसयूव्हींत आणि जवळपास सगळ्या जुन्या शिडी-चेसिसच्या गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. मेस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडीत वजन भरलं की मागचा भाग दबतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. गाडी खाली बसवली की त्या व्हॉल्व्हच्या लेखी ती कायम भरलेलीच असते. रिकाम्या गाडीत पावसात जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडतात आणि शेपूट फिरतं. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत हे जिवावर बेतू शकतं. बोरी पुलाकडे उतरणारा पावसाळी रस्ता डोळ्यांसमोर आणा.

तेव्हा दांडी नव्या उंचीप्रमाणे पुन्हा लावा. मॅन्युअलमध्ये अंतर किंवा दाब दिलेला असतो. ज्यांच्याकडे ब्रेकच्या लाइनचं प्रेशर गेज आहे अशा मेस्त्रीकडूनच हे करून घ्या. एबीएसने दाब वाटणाऱ्या नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो. एवढं सगळं झाल्यावर हेडलाइटची उंची लावायला विसरू नका.

आता एसी : गेज (दाबमापक) लावण्याआधी

बोनेट उघडा, एसी चालू करा. कॉम्प्रेसरच्या पुलीचं पुढचं ताट फिरतंय का? फिरत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच या क्रमाने जा. कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (ताट पुलीला धरणाऱ्या चुंबकाच्या) कॉईलचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत ३ ते ५ ओहम असतो. अनंत दाखवत असेल तर कॉईल जळाली. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, म्हणून "कॉम्प्रेसर मेला" या निकालावर लगेच येऊ नका. ज्या गाड्यांत क्लचच नसतो तिथे ताट कायम फिरतं, तिथे गेजच खरं बोलेल.

पंखा फक्त शेवटच्या नंबरावर चालत असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर. वारा कमी पण गार असेल तर केबिन फिल्टर. डॅशबोर्डमागे टिकटिक आणि एका बाजूने गरम वारा असेल तर फ्लॅपची छोटी मोटर. पायाशी पाणी साचत असेल तर कूलिंग कॉईलच्या पाण्याची नळी तुंबली. आपल्या दमट हवेत एसी भरपूर पाणी काढतो, आणि खाली बसवलेल्या गाडीत ती नळी चिखलाच्या जवळ आलेली असते. खालून बारीक तार हळूच घाला, हवेचा जोरदार प्रेशर मारू नका, आतला जोड निखळतो.

मग कंडेन्सर, म्हणजे जाळीमागचा गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग, बघा. पुढे बंपर बदललाय, जाळी बारीक आहे, लाइट बार लावलाय, नंबरप्लेट मधोमध आहे, अशा गाडीत कंडेन्सरला हवाच मिळत नाही. त्यातच खालचा प्लास्टिकचा पत्रा घासून तुटला म्हणून काढून टाकलेला असतो. तो चिखलासाठीच असतो असं लोकांना वाटतं. तो नसला की इंजिनकडची गरम हवा खालून वळून पुन्हा कंडेन्सरमध्ये शिरते. गाडी पळताना गार आणि म्हापशाच्या बाजारात अडकली की गरम, असं होत असेल तर गॅसच्या आधी इथे बघा. नळाच्या साध्या धारेने कंडेन्सर आतून बाहेर धुवा, प्रेशर वॉशर पाती वाकवतो. पंखा एसीबरोबर सुरू होतो का, आणि इंजिनच्या पट्ट्यावरच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला जोराने फिरवणारा जोड) पकडतो का, तेही बघा. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाडीत पात्यांची भुकटी झालेली असते. तो कंडेन्सर धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो.

गेजचं वाचन

चष्मा आणि हातमोजे घाला. द्रव गॅस डोळ्यावर उडाला तर डोळा गोठतो. काम चालू असताना जवळ विडी-सिगरेट किंवा गॅस-कटिंगची ज्योत नको, कारण हा गॅस ज्योतीतून गेला की विषारी वायू तयार होतात.

पहिलं वाचन सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर घ्या. आर-१३४ए गॅस असेल तर ३० अंश तापमानाला दोन्ही गेज साधारण ९७ पीएसआय दाखवतील, ३५ अंशांना ११४ च्या आसपास. इथे एक गैरसमज दूर करू. हा आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नाही. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखंच, आत थोडा जरी द्रव उरला असेल तोवर दाब तापमानाप्रमाणेच राहतो. आकडा बराच कमी असेल तर गॅस जवळजवळ संपला आहे. आकडा तापमानाच्या मानाने बराच जास्त असेल, ३० अंशांना ११५ वगैरे, तर आत हवा शिरली आहे किंवा दुसराच गॅस भरला आहे. अशा वेळी सगळा गॅस यंत्राने काढून घेऊन नव्याने सुरुवात करावी. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही गॅस एसीत भरणाऱ्यांपासून दूर राहा. केबिनमधल्या कूलिंग कॉईलमधून तो गळला तर तुम्ही त्याच्यासोबत बंद गाडीत बसलेले असता.

दुसरं वाचन इंजिन दीड हजार आरपीएमवर, दारं उघडी, पंखा पूर्ण, पुढचा-मागचा दोन्ही एसी चालू. बाहेर ३२-३३ अंश असताना लो साइड (कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि हाय साइड (जास्त दाबाची) २०० ते २५० ही निरोगी गाडी. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरला हवा नाही, गॅस जादा आहे किंवा आत हवा आहे. कंडेन्सरवर पाण्याची धार सोडा. हाय साइड झटकन उतरून गार वारा आला तर दोष हवेच्या वाटेत आहे. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही एकमेकांकडे सरकलेले, तर कॉम्प्रेसर थकला. लो साइड शून्याखाली व्हॅक्यूमकडे जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉईलमध्ये गॅस बारीक छिद्रातून सोडणारा) तुंबला. हे दहा मिनिटांनी होत असेल आणि गाडी थोडी उभी राहिल्यावर सुधारत असेल तर आत ओलावा आहे आणि तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो.

मे महिन्यात दुपारी फोंड्यात व्हेंटला १० ते १२ अंश आले तर तक्रार करू नका. हवेतल्या वाफेचं पाणी करण्यातच एसीची बरीच ताकद जाते. रात्री तीच गाडी ७-८ अंश देते.

पुढचा एसी गार आणि मागचाच नाही, असं असेल तर गॅसचं प्रमाण बहुधा ठीक आहे. मागच्या कॉईलला स्वतःचा एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि स्वतःचा ब्लोअर असतो. ब्लोअर चालतोय का बघा, मग मागच्या दोन नळ्या हाताला लावा. जाड नळी गार लागत नसेल तर मागचा व्हॉल्व्ह तुंबला आहे किंवा घासलेल्या जागी बारीक नळी चेपली आहे. चेपलेल्या जागेच्या पुढे नळी एकदम थंड होते, कधी दवही धरते.

लिकेज शोधणं आणि भरणं

डागाने जागा सापडली नाही तर रिकाम्या सिस्टिममध्ये रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा आणि साबणाचं पाणी लावा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाबरोबर त्याचा स्फोट होतो. गळती बारीक असेल तर रंगद्रव्य घालून आठवडाभर गाडी चालवा आणि रात्री यूव्ही टॉर्चने बघा. भोक बुजवणारं द्रव डब्यातून घालू नका. ते पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये बसतं आणि दुसऱ्याच्या रिकव्हरी यंत्राचंही वाटोळं करतं.

नळी घासली असेल तर ती बदला किंवा तो तुकडा कापून चांगल्या कारागिराकडून वेल्ड करून घ्या. आणि तिचा मार्ग बदला. भाच्याच्या गाडीत आम्ही नळी चेसिसच्या आतल्या बाजूला नेली, प्रत्येक दीड वीत अंतरावर रबर लावलेली क्लिप मारली, आणि ॲक्सल जॅकने पूर्ण वर ढकलून बोटभर तरी मोकळी जागा उरते याची खात्री केली. सिस्टिम उघडली की ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) नव्या आणि एसीचा ड्रायर नवा. आपल्या हवेत उघडा ड्रायर काही तासांत ओलावा पिऊन बसतो.

व्हॅक्यूम पंप निदान ४५ मिनिटं. दहा मिनिटांत आटपणाऱ्याला थांबवा. ३० अंश तापमानाला आतलं पाणी उकळून निघायला सुमारे २८.७ इंच व्हॅक्यूम लागतो, म्हणून काटा २९ च्या पुढे जायला हवा. मग पंप बंद करून अर्धा तास काटा हलत नाही ना ते बघा. गॅस वजनकाट्यावर भरा, बोनेटखालच्या स्टिकरवर आहे तेवढाच. दुहेरी एसीच्या गाडीला एकेरीपेक्षा बराच जास्त लागतो, आणि अंदाजाने भरणारे नेमके तिथेच चुकतात. भाग बदलले असतील तर तेवढं तेलही, स्टिकरवर लिहिलेल्या जातीचंच.

शेवटचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीही हा प्रश्न विचारते. भाच्यालाही मी हेच समजावलं आणि त्याने मागे मूळ उंचीचे स्प्रिंग परत टाकले. पुढच्या बाजूचं काम त्याने दिवाळीनंतर ठेवलं. पुढच्या-मागच्या उंचीत फरक राहिला होता, म्हणून हेडलाइट आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह आम्ही दोनदा लावले. पुढचे स्प्रिंग बदलल्यावर ते तिसऱ्यांदा लावायचे आहेत.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरने परत या. पॅनहार्ड रॉड, ट्रेलिंग आर्म आणि शॉकॲब्जॉर्बरचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, चारही कोपऱ्यांची उंची मोजा आणि पहिल्या आकड्यांखाली लिहा. एसीच्या नळीच्या जोडांवरून पांढरा फडका फिरवा. तेलाचा ठिपका आला नाही तर गॅस टिकला. किनारपट्टीला राहत असाल तर गाडीचं बूड दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा रॅम्पवर चढवून क्लिपा मोजा. आमच्या गाडीला त्या चौदा आहेत.